आत्तींच्या अंगात देवी आली नव्हती

आमच्या गावात अजून सांगतात की एका नवरात्रात माझ्या सासूच्या अंगात देवी आली होती आणि धाकट्या सुनेनं ती घालवली. सांगणाऱ्यांत त्या वेळी जन्मालाही न आलेली माणसं आहेत. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही, त्यामुळे कुणाला थांबवत नाही. पण इथं लिहिते. देवी आलीच नव्हती. आत्ती आजारी होत्या.

आमचं गाव आष्ट्याच्या बाजूचं, नदीकाठचं. बहात्तरचा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. घरात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, त्यांची मुलं आणि मी. आमचे हे पलटणीत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, आल्यावर आठ दिवस घर हसायचं, मग पुन्हा आपलं होतं तसं. मला तोवर मूलबाळ नव्हतं. माझं माहेर जतकडचं, कोरडवाहू. लग्नाआधी दुष्काळी कामावर मी खडी फोडलेली होती. उसाच्या गावात ही गोष्ट सांगायची नसते हे मला उशिरा कळलं. तोवर माझं नाव 'माळाकडची' पडून गेलं होतं. ते नाव आत्तींनीच पाडलं.

आत्ती करड्या स्वभावाच्या. तरुणपणी कपाळ पांढरं झालं, पदरात दोन मुलं, भाऊबंद जमिनीवर टपलेले. त्यांतून त्यांनी सगळं राखलं. भाकरी जाड झाली की ती पुन्हा टोपल्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "ही तुझ्या माळावरच्या मेंढरास्नी घाल." मी दुसरी थापायची. पण अंघोळीला त्यांना मीच लागायची. त्यांची पाठ मी चोळायची, गुडघ्याला तेल मी लावायची, लुगडं मी धुवायची. माणसाचं अंग रोज हाताखालून गेलं की त्या अंगाची आपल्याला खबर राहते. तेवढीच माझी अक्कल, त्यापलीकडे नाही.

घट बसायच्या आधी थोडे दिवस न्हाणीत पाणी घेताना आत्ती म्हणाल्या, "धाकटे, लघवीच्या जागी लय जळतंय गं. कुणाला सांगू नगंस. माझी शपथ हाय तुला." मी धणे रात्री भिजत घालायचे, सकाळी गाळून ते पाणी द्यायचे. दोन दिवस उतार पडला. मग घट बसले आणि पाणीच थांबलं.

आत्तींचं नवरात्र कडक. अनवाणी चालायचं, बाजेवर निजायचं नाही आणि दिवसभर घशाखाली पाणीसुद्धा उतरवायचं नाही. संध्याकाळी आरती झाली की तांब्याभर पाणी आणि मूठभर शेंगा. नव्या नवरीपासून चाललेलं ते व्रत. गावात त्याचा मान होता. मी पहिल्या माळेला हळूच म्हणून बघितलं की आत्ती, यंदा दुपारी घोटभर तरी घ्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चुलीपुढं जाऊन बसले.

चौथ्या माळेला आरतीच्या वेळी ते सुरू झालं. आत्ती घटापुढं बसल्या होत्या. एकाएकी हवेतलं काहीतरी चिमटीत धरू लागल्या. मग लुगड्याच्या काठाचे दोरे ओढू लागल्या. मी जवळ गेले तर डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते. आणि त्या उठून उभ्या राहिल्या. गुडघ्यामुळं भिंतीला धरल्याशिवाय न उठणारी बाई, ताठ उभी राहिली आणि थोरल्या मुलावर ओरडली, "दादा, पाणी चढाय लागलंय. बैलं सोड. आरं बैलं सोड की."

आरतीला शेजारच्या बायका होत्या. एकीनं घंटा खाली ठेवली आणि आत्तींच्या पायावर डोकं ठेवलं. झालं.

त्या बैलांची गोष्ट मला ठाऊक होती, जाऊबाईंनाही होती. आत्ती लहान असताना माहेरी कृष्णेला पूर आला, दावणीची बैलजोडी सोडायच्या आत पाणी आलं आणि बैलं बांधलेलीच बुडाली. भाकऱ्या थापताना आत्तींनी ती कितीदा सांगितली होती. 'दादा' म्हणजे त्यांचा भाऊ. पण गावाला वाटलं, देवी पुराचा इशारा देते आहे. नवरात्राचे दिवस, नदी पार आवरलेली, तरी काठावरच्या गोठ्यांतली गुरं लोकांनी वर आणून बांधली. एकाची म्हैस त्या गडबडीत सुटून दुसऱ्याच्या भुईमुगात शिरली आणि त्या दोघांची भांडणं दिवाळीपर्यंत चालली. पूर काही आला नाही. तर म्हणाले, देवीनं परतवला.

दुसऱ्या दिवशी घरात माणूस मावेना. जाऊबाईंनी आत्तींना पाटावर बसवून त्यांचा मळवट भरला. कपाळभर कुंकू, भुवईपासून केसांपर्यंत. गळ्यात कवड्यांची माळ घातली. लोक नारळ आणत होते, पाया पडत होते, प्रश्न विचारत होते. एकानं विचारलं, पोराला पलटणीत घेतील का. आत्ती म्हणाल्या, "बैलं सोड." त्यानं शेजाऱ्याकडं बघितलं. शेजारी म्हणाला, "म्हंजे मोकळा सोड पोराला, हुतंय काम." तो समाधानानं गेला. मी दाराआड उभी होते. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण आत्तींचे ओठ फुटले होते आणि जीभ लाकडासारखी दिसत होती.

थोरले दीर वाईट माणूस नव्हते. आदल्या साली सोसायटीच्या निवडणुकीत ते पडले होते आणि तेव्हापासून चावडीकडं जायचे थांबले होते. आता तेच लोक दारात चपला काढून उभे. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा उजेड बघितला. तो उजेड मला घालवायचा नव्हता. पण तो आत्तींच्या जिवावर पेटला होता.

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर मी नेहमीचा पाण्याचा तांब्या आणला. जाऊबाईंनी तो दारातच धरला. म्हणाल्या, आता ह्या आत्ती नाहीत, देवी आहे, आणि देवीला तहान नसते. घट उठेपर्यंत पाणी द्यायचं नाही. म्हणजे दिवसाला मिळायचा तो एक तांब्याही गेला.

सहाव्या माळेला पहाटे मी झाडलोट करत होते. आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "धाकटे, गाईचं शेण काढलंस का?" अगदी रोजच्या आवाजात. मी केरसुणी खाली टाकली. मी जवळ गेले. त्यांनी कपाळाला हात लावला, बोटं लाल झाली, त्या बोटांकडं बघत राहिल्या.

"माझ्या कपाळाला काय लावलंय गं?"

"कुंकू, आत्ती," मी म्हटलं.

"माझा मालक मेलाय. कुंकू कुणी लावलं मला? पूस आदी. पूस म्हंते न्हवं."

मी पदर ओला करून पुसलं. ते निघता निघेना, कपाळ सोललं गेलं. आत्ती रडल्या नाहीत. मग त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या तोंडाला लावला. चार घोट गेले असतील, तेवढ्यात जाऊबाई आल्या आणि तांब्या हिसकून घेतला. उपास मोडलास, आता काय वाईट झालं तर तुझ्या डोक्यावर, असं बरंच काही बोलल्या. मी म्हटलं, "आक्का, त्या चांगल्या बोलत्यात. तुमीच इचारून बघा." त्यांनी विचारलं नाही. दीरांना सांगितलं. दीर दाराबाहेरूनच म्हणाले की सकाळी देवी विसावा घेते, संध्याकाळी आरतीला येते, हे तर सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर बसत होतं. सकाळी उतार आणि सांज झाली की चढ, हे त्यांनीही बघितलं होतं, मीही बघितलं होतं. ते त्याला देवी म्हणत होते, मला तो ताप वाटत होता.

ऊन वर आलं तशा आत्ती पुन्हा भरकटल्या. मळवट पुन्हा भरला गेला.

दिवस कलताना मी त्यांना न्हाणीकडं नेलं. देवीला हात लावू नको म्हणून जाऊबाई ओरडत होत्या, पण अंगणात पाहुण्यांची गर्दी होती, त्यांना तिकडं जावं लागलं. आत्तींना मी बसवलं आणि वाट बघत राहिले. एक थेंब नाही. कालच्या लुगड्यालाही काही नव्हतं. ओटीपोटावर हात ठेवला तर ते फुगून दगडासारखं घट्ट झालेलं. हात लावताच आत्ती जनावरासारख्या विव्हळल्या. अंग भाजत होतं. मी ओळखलं की आजच्या आरतीला त्यांना बसवलं तर उद्याच्या आरतीला त्या नसतील.

आता मला जे करायचं होतं ते किती अवघड होतं हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मी थोरल्या दिरांशी तोवर एक शब्द थेट बोलले नव्हते. त्यांचं ताट वाढून ठेवायची आणि मागं सरायची. त्यांच्यापुढं, गावातल्या पुरुषांपुढं, मला असा शब्द बोलायचा होता जो आमच्याकडं बायका बायकांतही खालच्या आवाजात बोलतात. आणि आत्तींची शपथ मोडायची होती. मी न्हाणीच्या दगडावर थोडा वेळ बसले. मग उठले आणि सोप्यावर गेले.

अंगण भरलेलं होतं. हलगीवाला हलगी शेकत होता. मी दिरांपुढं उभी राहिले आणि म्हटलं, "भावजी, आत्तींना लघवी होत न्हाई."

हलगी थांबली. दिरांनी मान खाली घातली. कुणीतरी खोकलं, मागं एक बाई तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसली. जाऊबाई दातावर दात धरून म्हणाल्या, "लाज सोडलीस काय गं, आत जा."

"न्हाई जात. घट बसायच्या आधीपास्नं त्यास्नी जळजळ हुती. आता थेंब न्हाई. प्वाट फुगलंय. त्या देवी न्हाईत, आजारी हायत्या. भावजी, गाडी जुंपा, आष्ट्याला न्यायचं."

दीर खालीच बघत म्हणाले, "आरती हू दे. मग बघू."

"आरतीला त्या बसणार न्हाईत."

"कोण म्हंतंय?"

"मी म्हंते."

हे मी म्हटलं यावर माझा स्वतःचाच अजून विश्वास बसत नाही. पण मी तिथून हलले नाही. दीर उठले नाहीत. गर्दीतलं कुणी पुढं झालं नाही. तेव्हा मी आत गेले, आत्तींना भिंतीला उभं केलं, त्यांच्याकडं पाठ केली आणि त्यांचे हात खांद्यावरून पुढं ओढून घेतले. खडीच्या पाट्या उचललेली पाठ होती माझी. आत्ती तर वाळल्या काटकीसारख्या झाल्या होत्या. त्यांना पाठुंगळी घेऊन मी सोप्यावरून अंगणात उतरले.

लोकांनी वाट दिली. मला नव्हे, माझ्या पाठीवरच्या देवीला. मी पुढं जात होते तसे पुरुष हात जोडत होते, एक म्हातारी तर मला अडवून आत्तींच्या लोंबकळत्या पायाला शिवून गेली. आणि आत्ती माझ्या कानाशी सारखं म्हणत होत्या, "बैलं सोडली का गं? सोडली का?" मी म्हटलं, "सोडली आत्ती. सगळी वर आणली." तेव्हा त्या जरा निवल्या. खोटं बोलले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन.

शेताकडची पांद ओलांडून गावाबाहेरच्या रस्त्याला लागले तशी मागून गाडी आली. दीर स्वतः हाकत होते. त्यांना आईची काळजी वाटली की घरातली देवी सुनेच्या पाठीवरून भर रस्त्यानं चालली याची लाज वाटली, ते मी कधी विचारलं नाही. गाडीत गवत अंथरलं होतं एवढं मात्र सांगते.

आष्ट्याच्या डॉक्टरांनी नळी घातली. भांडं भरून गढूळ, तांबडं पाणी आलं, त्याचा वास सगळ्या खोलीत भरला. आत्तींचे खांदे सैल पडले. डॉक्टर चिडलेले होते. म्हणाले, इतके दिवस काय केलंत. मी म्हटलं, "आरत्या केल्या." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि सांगलीला न्यायला सांगितलं. तिथल्या तिथं एका मालमोटारीत जागा मिळाली.

सांगलीच्या दवाखान्यात आत्तींना सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली. मला वाटलं होतं की औषध गेलं की डोकं लगेच ताळ्यावर येईल. तसं झालं नाही. पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळ झाली की त्यांना मी चोर वाटायची. "बैलं चोरलीस माझी," म्हणून मला बोचकारायच्या. सलाईनची सुई उपटायच्या. तिथल्या नर्सबाई हात बांधायला निघाल्या. मी म्हटलं, बांधू नका, मी धरून बसते. बांधलेल्या बैलांचं त्यांना किती आहे ते मला माहीत होतं.

तिथले मोठे डॉक्टर घाईत असायचे, पण एकदा थांबून त्यांनी दिरांना आणि मला समजावलं. म्हणाले, ह्याला तुम्ही लोक वात झाला म्हणता तेच हे. म्हातारपणी लघवीची घाण अंगात भिनली, वर पाणी नाही, की पहिल्यांदा डोकं बोलतं. कालपर्यंत धड असलेलं माणूस एकाएकी भरकटलं, घटकेत शुद्धीवर घटकेत नाही असं झालं, तर ते वेड नव्हे आणि म्हातारचळही नव्हे. अंगात कुठं काय बिघडलंय ते शोधायचं. आणि लगेच शोधायचं, ते आपोआप जाईल म्हणून बसायचं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, ह्यांच्याजवळ ओळखीचंच माणूस ठेवा, खिडकी उघडी ठेवा म्हणजे दिवस-रात्र कळेल, भांडू नका, कुठं आहात ते सांगत राहा. दीर इतकंच म्हणाले, "म्हंजे देवी न्हवं." डॉक्टर म्हणाले, देवीचं मला काही माहीत नाही, लघवीचं माहीत आहे.

म्हणून मी सांगत राहिले. आत्ती, ही सांगली आहे. हा दवाखाना. मी धाकटी. तुम्हाला ताप आलाय, उतरतोय. पुन्हा विचारलं की पुन्हा तेच. लोक म्हणतात माळाकडची माणसं चिवट असतात. तिथं त्या चिवटपणाचा उपयोग झाला. एके दिवशी सकाळी मी तेच सांगायला लागले तर आत्ती म्हणाल्या, "कळलं की. किती येळा सांगशील? भाकरी जाड हुती कालची." मी तोंड फिरवून खिडकीकडं बघत राहिले.

घरी आलो तोवर दसरा होऊन गेला होता. आत्ती वाळल्या होत्या, पण शुद्धीत होत्या. मधल्या दिवसांतलं त्यांना फारसं आठवत नव्हतं. गावाला मात्र सगळं आठवत होतं. देवी घटावरून अर्ध्यात उठवली, तिला बाटवली, असं बोललं जात होतं. कुणाची गाभण गाय गाभडली, ती माझ्यामुळं. जाऊबाईंच्या पोराला गोवर आला, तोही माझ्यामुळं. मग चार जाणत्यांनी दिरांकडं निरोप दिला की धाकटीनं देवळात येऊन सगळ्यांसमोर नाक घासावं, ओटी भरावी, म्हणजे दोष फिटेल. दीर आले आणि पहिल्यांदाच आपण होऊन माझ्याशी बोलले. म्हणाले, तू केलंस ते बरोबर, मी सांगलीला ऐकलंय सगळं, पण गावात राहायचं आहे. एकदा जाऊन ये.

मी वळून शेणाची पाटी उचलली. तेव्हा ते आत्तींकडं गेले. संध्याकाळी आत्तींनी मला बोलावलं.

"जा की गं. नाक घासलं तर झिजतंय व्हय? त्यास्नी बरं वाटंल."

मला वाटलं होतं, निदान ह्या तरी माझ्या बाजूनं उभ्या राहतील. राग आला. तो दाबला नाही.

"न्हाई जायची, आत्ती."

"माझ्यासाठनं जा."

"तुमच्यासाठनंच न्हाई जायची. मी नाक घासलं तर मी चुकले असं हुईल. मग फुडच्या खेपंला कुणाची तरी म्हातारी अशीच बडबडंल, आणि तिच्या सुनंला कुणी बोलू द्यायचं न्हाई."

"लय आडमुठी हायस," आत्ती म्हणाल्या.

"व्हय," मी म्हटलं, आणि गाईची धार काढायला गेले.

सगळ्यांसमोर नाक घासायला मी गेले नाही. जाणते दोन-तीनदा बोलले, मग थकले. दीर माझ्याशी पुढं कधी गोड बोलले नाहीत, पण वाईटही बोलले नाहीत. मी त्याच देवळात दर नवरात्रात जाते, ओटी भरते, हात जोडते. देवीचं आणि माझं काही बिनसलेलं नाही. बायका मागं कुजबुजतात की हीच ती. मी मागं वळून बघते, त्या गप्प होतात, मग मी प्रदक्षिणा घालते आणि घरी येते.